पाठीचा माणूस

आमच्या भिंग्याची गोष्ट सांगतो. पण 'मग त्याने तेव्हाच का नाही सांगितलं?' असं मधेच कोणी विचारायचं नाही. दिव्याजवळ बसून असं विचारणं फार सोपं असतं.

भिंग्या म्हणजे चष्म्याच्या दुकानाचा मालक. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते वाचतो कोण! माणूस कामाला चोख. काडी कानामागे टोचते म्हणून गिऱ्हाईक दहादा परत आलं, तर दहादा ती गरम करून वाकवून देईल. थोरल्या भावाला त्याचा कोण अभिमान. "आमच्या धाकट्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं तो जिथे तिथे सांगत सुटायचा. हे वाक्य भिंग्याला आजही आठवतं, आणि आठवलं की तो समोरचं ताट बाजूला सारतो.

दोघा भावांना एक नाद होता. वर्षातून एकदा, देवमासे किनाऱ्याजवळून जायचे दिवस आले, की तंबू घेऊन समुद्रावर चार दिवस राहायचं. थोरला लाटांमध्ये कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गळ टाकायचा. भिंग्याला पाण्याची भीती, त्यामुळे हा वाळूच्या उंचवट्यावर दुर्बीण घेऊन देवमासे बघत बसायचा. म्हणजे लोकांना तसं वाटायचं. खरं काम वेगळंच. लाटेत गळ टाकणाऱ्यांचा एक नियम असतो. पाण्यातल्या माणसाचं तोंड समुद्राकडे, तेव्हा किनाऱ्यावर त्याचं कोणीतरी हवं. त्याला ही मंडळी पाठीचा माणूस म्हणतात. पाठीच्या माणसाने काही करायचं नसतं, फक्त नजर हलवायची नसते. पाण्यातल्याने हात वर केला, की आरडाओरडा करून माणसं गोळा करायची आणि नेमकी जागा दाखवायची. बस्स, एवढंच.

गेल्या वर्षी एका सकाळी थोरला पाण्यात होता आणि भिंग्या त्याच्या पाठीला. तेवढ्यात दूर डावीकडे पाण्यातून वाफेचा झोत उडाला. मागोमाग काळी पाठ वर आली, आणि तिला चिकटून आणखी एक छोटीशी पाठ. पिल्लू! अकरा वर्षांत भिंग्याने पिल्लू पाहिलं नव्हतं. एकच मिनिट, असं मनाशी म्हणत त्याने दुर्बीण तिकडे वळवली. ती खाली आली तेव्हा दहा मिनिटं झाली असतील, वीसही झाली असतील. समोरच्या पाण्यात थोरला नव्हता, आणि समुद्रावर धुकं उतरायला लागलं होतं.

भिंग्याने आरडाओरडा केला, तशी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची बोट आली. "शेवटचे कुठे दिसले?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बघत नव्हतो. तीन शब्द आहेत हो! पण भोवती पंधरावीस माणसं जमलेली, त्या खेपेला सोबत आलेल्या वहिनी तंबूकडून धावत येताना दिसत होत्या, आणि भिंग्याच्या तोंडून ते तीन शब्द काही फुटेनात. लाज वाटली त्याला. भाऊ तिकडे बुडतोय आणि याला लाज वाटतेय! त्याने हात उचलून डावीकडच्या खडकांकडे बोट दाखवलं. "तिथे. मी स्वतः पाहिलं."

बोटी चार तास खडकांपाशी फिरल्या. थोरला सापडला दुसऱ्या दिवशी, अगदी उजव्या टोकाला. तिकडे पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे, किनाऱ्यापासून खोल पाण्याने तुटलेला. ओहोटीला त्याच्यावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहता येतं, भरतीला डोक्यावरून पाणी जातं. थोरल्याची गळाची काठी त्या दांड्यात खोल उभी रोवलेली मिळाली. एका म्हाताऱ्या रक्षकाने भिंग्याला बाजूला घेतलं. "प्रवाहाने इथे आणून टाकलं असणार, आणि भरती चढेपर्यंत काठीला धरून उभे असणार. तीन-चार तास तरी. कोणीतरी आपल्याला पाहिलंय, असं वाटत असेल त्यांना."

हे रक्षकाने फक्त भिंग्याला सांगितलं, आणि भिंग्याने कोणालाच सांगितलं नाही. खडकांपासून प्रवाहाने ओढून नेलं, असंच घरात सगळे धरून चालले. वहिनी तर उलट त्याचीच समजूत काढायच्या. "भावजी, शेवटच्या क्षणी तुमची तरी नजर होती त्यांच्यावर. मला तेवढाच आधार आहे." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते भिंग्या वर्षभर रोज बघत होता. वहिनी समोर आल्या की तो त्यांच्या बांगड्यांकडे बघून बोलायचा, नाहीतर भिंतीकडे.

यंदा त्याने जायचं नावही काढलं नव्हतं. हट्ट धरला पुतणीने. पोरगी बावीस वर्षांची, पोहण्यात तरबेज आणि जिभेला धार. "बाबांची काठी माळ्यावर गंजायला ठेवायची का? आई, तूही चल. काका, तुम्ही तंबू बांधा." तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. तिघं गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काका-पुतणी उंचवट्यावर येऊन उभे राहिले. वहिनी मागे झाडीतल्या तंबूत झोपल्या होत्या. पहाटेचं पातळ धुकं पाण्यावर लोळत होतं. सडलेल्या शेवाळाचा वास इतका दाट, की जिभेवर चव यावी. लाट फुटण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तोच आवाज.

पुतणीने रबरी बूट चढवले. "काका, बाबा नेमके कुठे उभे होते? मी तिथूनच गळ टाकणार."

आत्ता सांगायचं, असं भिंग्याने ठरवलं. खरंच ठरवलं. आणि त्याचा हात आपोआप उठला, डावीकडच्या खडकांकडे.

"तुम्ही माझे पाठीचे," ती हसली. "डुलक्या काढू नका म्हणजे मिळवली."

ती गेली. भिंग्या डोळ्यांत तेल घालून बसला. मधे समोर दूरवर वाफेचा झोत उडाला, काळी पाठ वर येऊन गेली. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोरगी खडकांपाशी पोचली, कमरेइतक्या पाण्यात गेली, गळ फेकला. सगळं ठीक होतं.

मग त्याच्या डोळ्याच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी काळं उभं राहिलं.

खांब असेल, असं त्याने मनाला सांगितलं. पण काल तिथे खांब नव्हता. त्याने मान वळवली. वाळूच्या दांड्यावर, कमरेइतक्या पाण्यात, एक माणूस उभा होता. गळवाला म्हणावा, तर गळवाले समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. याचं तोंड किनाऱ्याकडे होतं.

भिंग्याने दुर्बीण लावली. आधी भिंगांमध्ये सगळं धूसर होतं. चक्री फिरवून ते नेमकं झालं, तेव्हा त्याला थोरला दिसला. सुजलेला नाही, फाटलेला नाही, होता तसाच. एका हाताने काठी धरलेली आणि दुसरा हात वर. चेहऱ्यावर घाबरल्याची खूणसुद्धा नव्हती. बसथांब्यावर आपल्या माणसाची वाट बघत उभं राहावं, तसा उभा होता. धाकट्याने पाहिलंय, आता येतीलच, असा.

भिंग्याने घाईने डावीकडे पाहिलं. पुतणी जागेवर होती. पुन्हा उजवीकडे पाहिलं, तर थोरल्याच्या पोटापर्यंत पाणी आलेलं. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आता छातीपर्यंत. आणि त्या वेळी भरती नव्हती. समुद्र मागे हटत होता, ओली वाळू त्याच्या डोळ्यांदेखत उघडी पडत होती.

मग त्याच्या लक्षात आलं. नजर आहे तोवर पाणी थांबतं. नजर हलली, की चढतं.

"दादा..." तो पुटपुटला. "बघतोय मी... बघतोय..."

किती वेळ गेला कोण जाणे. डावीकडून बारीक आवाज आला. "काका!"

ऐकू आलं त्याला. अगदी स्पष्ट ऐकू आलं, आणि तरीही त्याने लगेच मान वळवली नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो दुकानाच्या फरशीकडे बघत होता. दुसरी हाक आली, ती अर्धीच, पाण्याने तोडलेली. तेव्हा कुठे तो उठला आणि पळत सुटला.

पुतणीचा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला होता आणि लाटा डोक्यावरून जात होत्या. जन्मभर घोट्यापुढे पाण्यात न गेलेला माणूस छातीइतक्या पाण्यात शिरला. बूट तिथेच सोडून तिचा पाय ओढून काढला आणि तिला वाळूवर आणून टाकलं. पोरगी खोकून खोकून बेजार झाली. गुडघा सोलवटला होता, बाकी धडधाकट.

"काका... बघत होतात ना?"

"हो," भिंग्या म्हणाला.

बघा! जीभ किती तयार झाली होती त्याची.

पोरीने ओले केस मागे सारले. "मी तीनदा हात वर केला. तीनदा. तुम्ही उंचवट्यावर होतात, पण तुमचं तोंड तिकडे होतं."

भिंग्या वाळूत बसला आणि सगळं बोलला. पिल्लू, खडकांकडे दाखवलेलं बोट, रक्षकाने सांगितलेलं, सगळं. तिच्याकडे बघून नाही, तिच्या सोललेल्या गुडघ्याकडे बघून. दांड्यावर काय दिसलं, तेवढं मात्र त्याने सांगितलं नाही. तेही सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, की आता भुतामागे लपतोय.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चार तास?" तिने विचारलं.

"हो."

"आईला हे तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. तिला इकडे पाठवते." एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, अशी लंगडत ती झाडीकडे गेली.

भिंग्या ओल्या कपड्यांनी उंचवट्यावर परतला. उजवीकडे बघायची हिंमत होत नव्हती, पण न बघून चालणारच नव्हतं. पाणी थोरल्याच्या खांद्याशी होतं. हात अजून वर होता. भिंग्याने नजर रोवली. ऊन वर आलं, धुकं फाटलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण त्याने मान हलवली नाही. पापणी लवली की पाणी बोटभर वर यायचं. पापणी तर लवणारच. पाणी थोरल्याच्या गळ्याशी आलं, मग हनुवटीला लागलं. तो चेहरा अजूनही तसाच, शांत, भरवसा टाकलेला. भिंग्याला वाटलं, याने एकदा शिवी तरी द्यावी.

मागे वाळू करकरली.

"भावजी, काय हो? पोरगी काही बोलत नाही. नुसती म्हणते, काकांकडे जा." वहिनी त्याच्या पाठीशी येऊन थांबल्या. "बरं नाही का वाटत?"

"वहिनी, मी त्या दिवशी बघत नव्हतो."

पाठ तशीच ठेवून तो बोलला. सगळं बोलला, एका दमात.

वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे बघून सांगा."

"वहिनी... आत्ता नको. जरा थांबा... तिकडे..."

"वर्षभर तुम्ही माझ्या नजरेला नजर दिली नाही. मला वाटायचं, भावाचं दुःख आहे. जपलं मी तुम्हाला, भावजी. आता माझ्याकडे बघून सांगा."

पाणी थोरल्याच्या खालच्या ओठाशी होतं. वळावं, तर भावाला दुसऱ्यांदा बुडवायचं. न वळावं, तर या बाईला दुसऱ्यांदा फसवायचं. भिंग्या मला म्हणाला, त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेती तर मी तिचे पाय धरले असते.

तो वळला.

"मी बघत नव्हतो, वहिनी. मी खोटी जागा दाखवली. ते दांड्यावर उभे होते."

थोबाडीत बसेल, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा वहिनींचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. त्या त्याच्या खांद्यावरून पलीकडे, उजवीकडच्या पाण्याकडे बघत होत्या. चेहरा हळूहळू मोकळा होत होता. मग त्यांचा हात वर गेला, लांबून कोणी हात केल्यावर आपण उलट करतो तसा.

"आले हं," त्या हळूच म्हणाल्या आणि चपला काढायला वाकल्या.