सतरा जुने पोल

बुधवारी सकाळी सातला बांबूउडीचा प्रशिक्षक हाब्बो रेंट्सचा फोन आला. करवत आणून ठेवलीय, अकराला सगळे पोल कापणार आहेत, एवढंच तो बोलला. गेशे उल्फर्ट्सनं चहा अर्धा टाकला आणि सायकल काढली.

मंगळवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये बांबूउडीचा सराव चालला होता. सोळा वर्षांची वीब्के बेरेन्ड्स धावत आली, पोल वाकला आणि काडकन मोडला. पोरगी गादीच्या कडेवर आदळली. मनगट गेलं. मान गेली असती तरी नवल नव्हतं. हाब्बोचे फायबरचे पोल वीस-पंचवीस वर्षांचे, म्हणून अध्यक्षीण लूनेमानबाईंनी लगेच फर्मान काढलं की उरलेले सतराही कापायचे आणि हाब्बोनं पुन्हा कोणाला शिकवायचं नाही. बाद पोल कापूनच टाकायचा, चुकून कोणी हातात घेऊ नये, ही तिथली रीतच आहे. नवे घ्यायची क्लबची ऐपत नाही. पोल गेले की पूर्व फ्रीजलंडच्या त्या टीचभर गावातली बांबूउडी संपलीच म्हणायची, आणि हाब्बोची एकोणचाळीस वर्षं पाण्यात.

गेशेनं तीस वर्षं बोटींच्या कारखान्यात फायबरच्या तळातले तडे शोधले होते. निवृत्त झाल्यावर क्लबचे पोल तीच तपासायची. शनिवारी संध्याकाळी तिनं अठराच्या अठरा पास केले होते. म्हणजे पणाला लागला होता तिचाही शब्द.

हॉलमध्ये लूनेमानबाई उभ्या होत्या. बाजूला प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वीब्के, तिचा बाप टियार्क, आणि बाकावर मान खाली घालून हाब्बो. टियार्कचा आवाज चढलेला होता. भंगारावर पोरं उडवता, लाज वाटत नाही का, असं तो हाब्बोला विचारत होता.

"म्हातारीनं हात फिरवला की झाला पास!" तो गेशेकडे वळला. "रविवारपासून करकरत होता तो पोल. तरी पोरीच्या हातात दिलात."

गेशेनं मोडक्या पोलाचे दोन्ही तुकडे उजेडात नेले. ज्या जागी तो मोडला होता तिथे पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ही जागा पोलाच्या खालच्या अर्ध्या भागात, हात कधी पोचतच नाही अशी.

"हाब्बो, ही पट्टी तुझी?"

"माझी? पकडीच्या खाली पट्टी लावायची नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. पट्टीखाली काय आहे ते दिसत नाही."

"मग काल तुला दिसली कशी नाही?"

"मी आडवी दांडी बसवत होतो. पोल तिनंच उचलला. माझी नजर चुकली, ते मी नाकारत नाही."

गेशेनं वीब्केला विचारलं, "तुला दिसली होती?"

"हो. वाटलं, शनिवारी तपासताना तुम्हीच लावली. म्हणजे पोल ठीकच असणार."

गेशेच्या नावावर विसंबून पोरगी उडाली होती. तिनं पट्टी सोडवली. खाली नखाएवढी खोक होती, कडा अजून पांढऱ्या. खोकेलगत एक मंद घासलेला पट्टा आणि त्यापासून जवळपास दोन हात अंतरावर अगदी तसाच दुसरा. तिनं मोजायची टेप लावून पाहिली. दोन पट्ट्यांमध्ये चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.

"पोल स्पर्धेला नेता कसे?" तिनं हाब्बोला विचारलं.

"सांडपाण्याच्या जाड पाइपात घालून, ट्रेलरवर. एकोणचाळीस वर्षं तसेच. पोल उघडा बांधला तर तो मेलाच."

गेशे बाहेर गेली. दारावर पालकांच्या झाडलोटीच्या पाळीचा कागद होता. किल्ली कोणाकडे, ते त्यावरून कळायचं. तो वाचून ती वाहनतळावर फिरून आली. तोवर पावणेअकरा झाले होते आणि लूनेमानबाईंनी करवतीची वायर भिंतीत खोचली होती.

"वायर काढा," गेशे म्हणाली. "आधी माझं ऐका, मग काय कापायचं ते कापा. हवं तर मला कापा."

बाईंनी तोंड वाकडं केलं, पण वायर काढली.

"म्हातारपणानं पोल मरत नाही," गेशे म्हणाली. "तो जखमेनं मरतो. ह्याची जखम ताजी आहे, शनिवारी ती नव्हती. कशानं झाली? हे दोन घासलेले पट्टे मोटारीच्या टपावरच्या कॅरिअरचे. पोल उघडा ठेवला, लोखंडी खटक्याच्या पट्ट्यानं आवळला, आणि खटका फायबरमध्ये रुतला. हाब्बो हे स्वप्नातही करणार नाही. बाईंच्या गाडीला कॅरिअरच नाही. बाहेर एकाच गाडीला आहे, होडी न्यायचं. त्याचे दांडे चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर. आत्ताच मोजून आले."

ती टियार्ककडे वळली.

"शनिवारपासून किल्ली कोणाकडे, ते दारावर लिहिलंय. आणि रविवारी हॉल बंद असतो, टियार्क. मग पोल करकरताना तू ऐकलास कुठे?"

टियार्क गादीवर बसला. सांगताना त्यानं पोरीकडे पाहिलं नाही. हाब्बोचे पोल निकामी आहेत, हे त्याला सिद्ध करायचं होतं. रविवारी कोणाला न सांगता तो पोल ओल्डनबुर्ग शहरातल्या एका प्रशिक्षकाला दाखवायला नेला. प्रशिक्षकानं तासभर तपासून सांगितलं की पोल उत्तम आहे, अजून दहा वर्षं चालेल. येताना रागाच्या भरात टियार्कनं पट्टा जास्त आवळला. वाटेत करकर ऐकू आली. घरी खोक दिसली. कबूल करायची लाज वाटली, म्हणून पट्टी लावून झाकली आणि पोल गुपचूप परत ठेवला. वीब्के ह्या आठवड्यापासून मोठा पोल घेणार होती, मग हा कोण उचलतंय, असं त्याला वाटलं.

"मी विचारलं होतं तुला," वीब्के म्हणाली. "सोमवारी. कुठला पोल घेऊ म्हणून. तू म्हणालास, नेहमीचाच घे."

"फोनवर होतो गं. लक्ष नव्हतं."

लूनेमानबाईंनी स्वतःच करवत उचलली आणि सामानाच्या खोलीत नेऊन ठेवली. हाब्बोची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. हाब्बोनंही वाट पाहिली नाही. तो उठून टियार्कपुढे उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता एक ठेवून देणार.

"मला एक फोन केला असतास," तो म्हणाला, "तर मी स्वतः तो पोल कापला असता. तुला एक शब्द बोललो नसतो."

टियार्क रडायला लागला. वीब्के त्याच्याजवळ गेली नाही. ती सतरा पोलांपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं चांगला हात त्यातल्या सगळ्यांत लांब पोलावर ठेवला.

"सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल," ती म्हणाली. "त्या दिवशी मी ह्याच्यावर उडणार. आणि पप्पा, मी बोलवेपर्यंत तू इथे यायचं नाहीस."