दुर्गाच्या डोक्याइतकी

मसाटहून सामरवरणीला येणाऱ्या टेम्पोत माझ्या लाकडी पट्टीचं टोक एका मुलीच्या वेणीत अडकलं.

"ओ भाऊ, तुमची ही काठी सांभाळा!"

"काठी नाही. नक्षीची पट्टी आहे. भिंतीला लावायची."

"मग भिंतीलाच लावा ना. माझ्या केसांना कशाला?"

टेम्पोतले सगळे हसले. बाहेर श्रावणातला बारीक पाऊस पडत होता, उन्हासकट. तिने मान तिरकी करून वेणी सोडवली आणि पट्टीवरच्या कोरीव पानांवरून एक बोट फिरवलं. अगदी सहज. मला मात्र उतरेपर्यंत तेच बोट दिसत राहिलं.

उतरल्यावर ती पुढे, मी मागे. चाळीच्या फाटकात ती वळली.

"माझ्या मागे मागे कुठे?"

"मी माझ्या घरी चाललोय."

"अगं बाई..." ती म्हणाली, आणि माझ्याच शेजारच्या खोलीत शिरली.

तिचं नाव दुर्गा. नवापूरची. आई तानूबाईबरोबर ती तिथे नुकतीच राहायला आली होती.

मी साक्रीकडचा. सत्त्याऐंशी साली मसाटच्या एका कारखान्यात होतो. तिथे फोटोच्या फ्रेमसाठी लाकडी पट्ट्या व्हायच्या. आखूड कापल्या गेलेल्या पट्ट्या शेठ कामगारांना देऊन टाकत. मी त्या जमवत होतो, कारण रविवारी माझी माय गावाहून मुलीकडच्या लोकांना घेऊन येणार होती, माझं घर दाखवायला. मुलगी मायने पसंत केली होती, मी पाहिलीही नव्हती. घर आवडलं की तिथेच सुपारी फुटायची होती. खोली लहान, पण भिंतीवर नक्षी असली की बरी दिसेल, असं मला वाटलं.

पट्टी सरळ बसायला आधी रेघ मारावी लागते. दोरी निळीत बुडवायची, दोन टोकं दोघांनी धरायची आणि मध्ये झटकायची. एकट्याचं ते काम नाही. मी दोरी घेऊन शेजारच्या दारात गेलो.

"मावशी, रविवारी मुलीकडचे लोक घर बघायला येणार आहेत. दुर्गाला जरा दोरी धरायला पाठवता का?"

तानूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तांदळाचं सूप उचलून त्या माझ्याच उंबऱ्यात येऊन बसल्या. "जा गं. मी इथेच निवडते."

"किती उंच लावायची?" दुर्गाने विचारलं.

"छातीइतकी. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यात तशी आहे. उंच खुर्च्यांची पाठ भिंतीला घासू नये म्हणून."

तिने खोलीभर नजर फिरवली. एक सतरंजी, एक ट्रंक, एक स्टोव्ह.

"खुर्ची कुठाय?"

मी ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"खुर्ची नाही आणि खुर्चीसाठी पट्टी!" तिला हसू आवरेना. "अहो, आपण खाली बसतो. टेकलं की डोक्याचं तेल भिंतीला लागतं. डोक्याच्या जरा वर लावा. खाली गडद रंग, वर चुना."

"कोणाच्या डोक्याच्या वर?"

"येणारीच्या. किती उंच आहे ती?"

"मी पाहिली नाही..."

"न पाहताच पट्टी ठोकून राहिले?" आता ती हसत नव्हती. पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता.

"तुम्ही बसा ना," मी म्हणालो. "मापापुरतं."

ती बसली. भिंतीला टेकली, डोळे मिटले. ओल्या लाकडाचा आणि खोबरेल तेलाचा वास एकत्र झाला. मी तिच्या डोक्याच्या वर खूण केली. बोटावरची थोडी नीळ तिच्या भांगात पडली.

"ही खूण माझ्या मापाची झाली," ती हळूच म्हणाली. "तिला नाही जमली तर?"

"एकदा ठोकलेली पट्टी मी हलवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... या खुणेखाली बसणारीच या घरात..."

ती उठली. दोरीचं एक टोक तिने त्या खुणेवर घट्ट धरलं.

"ओढा तुमचं टोक. ताठ."

मी दोरी झटकली. भिंतीवर निळी रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ठोका मग," ती म्हणाली.

उंबऱ्यातून तानूबाई बोलल्या, "आधी मायला कळव रे बाबा. माझी मुलगी भिंत नाही."

गावी जाणाऱ्या माणसाबरोबर मी निरोप पाठवला, मुलीकडच्यांना आणू नकोस, मुलगी मीच पाहिलीय. रविवारी माय एकटीच आली. रागाने पाणीसुद्धा घेईना. सतरंजीवर बसली आणि भिंतीला टेकली. डोकं पट्टीच्या बरोबर खाली. मग मान वर करून तिने पट्टीची पानं पाहिली. मी उभाच.

"ही उंची कोणी ठरवली?"

"शेजारच्या दुर्गाने."

"तुला तर सुचली नसती." मायने पाय पसरले. "बोलव तिला. म्हणावं, चहा कर."

लग्न झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी दुर्गापेक्षा उंच. ताठ बसलो की पट्टीची पानं डोक्याला टोचत. मला खाली सरकून, तिच्या बाजूला झुकून बसावं लागे. पाळीवरून आल्यावर संध्याकाळी आम्ही तसेच बसायचो. रेडिओ चालू, दारातून नदीकडचं वारं.

"उंची चुकली," मी एकदा म्हणालो. "माझं डोकं मोजलंच नाही."

"मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"ताठ बसला असता तर माझ्या खांद्यापर्यंत कधी आला असता?"

दुर्गाला जाऊन आता वर्ष होईल. आमची सोनी परवा म्हणाली, "बाबा, पट्टी थोडी वर घेऊ या. तुम्हाला टोचते." मी नको म्हटलं.

पट्टीखालचा हिरवा रंग फिका झालाय. त्यावर दुर्गाच्या डोक्याचा तेलकट गोल डाग अजून चकाकतो. संध्याकाळी मी माझ्या जागेवर बसतो. पानं टोचतात, आणि डोकं आपोआप त्या बाजूला झुकतं.