शांतपट्टी

शेडमध्ये तीनशे बायका द्राक्षं निवडत होत्या आणि एकीचाही हात टेबलावरून उठत नव्हता. डोक्याला घट्ट प्लास्टिकची टोपी, अंगात जाडा पांढरा कोट, आठ तास उभं राहणं. अशात माणूस दहा मिनिटांत एकदा तरी कुठंतरी खाजवणारच. इथं कुणीच खाजवत नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, शिस्त काय आहे!

शिस्त कसली डोंबलाची. प्रत्येकीच्या मानेवर, केसांच्या खाली, नखाएवढी पट्टी चिकटवलेली होती.

परदेशी गिऱ्हाइकाची अट होती की निवडणाऱ्या बाईचा हात तिच्या अंगाला लागला, तर समोरची पेटी बाद. वरचा कॅमेरा तेवढंच बघत बसायचा. पहिल्या हंगामात पेट्यांमागून पेट्या बाद झाल्या. दुसऱ्या हंगामात शांतपट्टी आली. कातडीवरची खाज नसेतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जाते आणि तिथून मेंदूकडे. पट्टी मधल्या मधे बारीक विजेचे ठोके देऊन तेवढाच निरोप अडवायची. चिमटा काढला तर कळायचा, चटका बसला तर कळायचा. खाज तेवढी कळायची नाही.

दर सोमवारी नवी पट्टी लावायचं काम तारामती वाघेरे या नर्सचं; मग ती पट्टी आठवडाभर, घरीसुद्धा, मानेवरच राहायची. आश्रमशाळेत वीस वर्षं पोरांची खरूज-नायटे बघून ती इथं आली होती. पट्टी तिच्याही मानेला होती. शेडमध्ये पाय ठेवायचा तर साहेबालासुद्धा लावावी लागायची.

त्या दिवशी सकाळी दहाच्या चहाला जिजा भोये पोरीला कडेवर घेऊन तिच्या खोलीत आली. जिजा सुरगाण्याकडची, चार नंबरच्या टेबलावरची. पोर पाच महिन्यांची, नाव तनू. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी रडत होती.

"मावशी, हिला बी पट्टी लावा."

"काय?"

"बाळांची आलीय म्हणे, बारकी. कोठुळेसाहेब बोलले. महिना झाला, लय रडते. पाळणाघरातली बाई म्हणते, उद्यापासून आणू नको. नाय आणली तर मी कामाला कशी येऊ?"

"दात येत असतील."

"सगळे तेच म्हणतात. दृष्ट काढली, लिंबाचा पाला घालून आंघोळ घातली. नाय थांबत."

पेटी आलेली होती, गुलाबी, वर हसरं बाळ छापलेलं. तारामतीनं एक पट्टी काढली, पोरीची मान पुसायला तिला मांडीवर घेतलं आणि सवयीनं आधी तळहात उघडून बघितला.

तळहातावर बारीक वाकड्यातिकड्या रेघा होत्या. पायाच्या तळव्यावर पाण्याचे फोड. तिनं पट्टी परत पेटीत टाकली.

"जिजे, हातमोजे काढ."

"का?"

"काढ म्हणते ना."

जिजानं मोजे ओढले. बोटांच्या बेचक्यांत पिवळट राखाडी थर साचला होता, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. मोज्यातून कोंडा टेबलावर सांडला.

"हे कधीपासून?"

"ते होय! ते गंधकाच्या कागदानं होतं, मावशी. सगळ्यांनाच आहे. पेटीत कागद घालतो ना आपण, त्यानं कातडं निघतं. मुकादमीणबाई म्हणाली, हंगाम संपला की जातंय. खाजत तर नाय."

खाजत तर नाय. तारामतीला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. दर सोमवारी सगळ्या पाळ्यांच्या शेकडो माना तिनं पुसल्या होत्या आणि हात एकीचाही बघितला नव्हता.

ब्लेडनं तिनं तो थर थोडा खरवडला, काचेच्या पट्टीवर तेलाच्या थेंबात घेतला आणि पलीकडच्या खोलीत गेली. तिथं मोठं सूक्ष्मदर्शक होतं. द्राक्षाच्या घडात पिठ्या ढेकूण आहे का, ते रोज त्याच्याखाली बघायचे. एक ढेकूण सापडला की अख्खा कंटेनर परत यायचा, म्हणून त्या यंत्राला देवासारखं जपायचे. बायकांच्या हाताची त्याला कधी ओळखच नव्हती.

तिनं भिंग जुळवलं आणि बाजूला झाली. "बघ."

जिजानं डोळा लावला. गोल, पांढुरके, आखूड पायांचे किडे एकमेकांवर चढत होते. मधे अंडी. आणि काळे ठिपके.

"हे द्राक्षातले?"

"तुझ्यातले. खरजेचे किडे आहेत ते. कातडीत बीळ करतात, त्यातच अंडी घालतात, त्यातच हगतात. एरवी माणसाच्या अंगावर दहा-पंधरा असतात, कारण माणूस खाजवून खाजवून त्यांचा नायनाट करतो. तुम्ही खाजवलंच नाही. हजारांनी झालेत."

"आणि तनू?"

"तुझ्या अंगावरूनच. तिला पट्टी नाही. या अख्ख्या शेडमध्ये ती एकटीच बरोबर रडतेय."

जिजा बेसिनकडे धावली. ओकून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, हात मानेकडे नेला आणि थांबली. "काढली की लय खाजंल?"

"लय. पण औषध आहे. मलम आहे, गोळी आहे. मानेपासून पायापर्यंत सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आठवड्यानं पुन्हा. कपडे, गाद्या, कोट उकळायचे. एकीनं जरी सोडलं तरी सगळं परत."

कोट! तारामतीला आता सगळं कळलं. कोट शेडबाहेर न्यायचा नाही, खुंटीला लावायचा नाही, धूळ लागते. पाळी बदलताना जाणारीच्या अंगातून थेट येणारीच्या अंगात. रविवारच्या धुण्यापर्यंत तो कोट कधी थंडच व्हायचा नाही. स्वच्छतेसाठी म्हणे!

कोठुळेसाहेब, म्हणजे शेडचे मॅनेजर, काचेच्या खोलीतून आले. अंगात तोच पांढरा कोट. तारामतीनं सगळं सांगितलं.

"किती दिवस बंद ठेवायचं?"

"उद्याचा दिवस. आणि आठवड्यानं एक."

"वेडी का काय तू? हंगामाचे तीनच आठवडे राहिलेत. मग सगळ्यांना मलम देऊ, आख्खा ट्रक मागवू. त्रास होतोय का कुणाला? विचार त्यांना."

"पोरीला होतोय."

"तिला पट्टी लाव ना मग! कालपासून सांगतोय. माझ्या नातीला लावली. पंधरा दिवस नुसता गोंधळ घालत होती. पट्टी लावली, चार दिवस झाले, बाळ हूं की चूं नाही. सूनबाई आता माझ्या पाया पडते."

तारामती काही बोलणार, तेवढ्यात जिजा त्यांच्या मधून शेडमध्ये गेली. पोर कडेवर, हात उघडे. चार नंबरच्या टेबलाशी तिनं पोरीला एका रिकाम्या पेटीत ठेवलं, मानेवरची पट्टी उपटली आणि टेबलावर आपटली.

दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग तिचा चेहरा बदलला. हंगामभराची अडवलेली खाज एकदम आली. ती दोन्ही हातांनी बेचकी, मनगट, काख, कंबर ओरबाडायला लागली. कॅमेरा किंचाळला. कोंडा पांढऱ्या टेबलावर, काळ्या द्राक्षांवर पडला. शेजारच्या मंजुळानं तो बघितला, स्वतःचा मोजा काढला, आत बघितलं.

"मेले गं बाई," ती म्हणाली आणि तिनं मानेला हात घातला.

तिच्यामागून सहावं टेबल, मग नववं. कॅमेरे एकामागून एक बोंबलले आणि शेवटी पेट्या पुढं सरकवणारा पट्टा आपोआपच थांबला. एका बाईच्या खाजवण्यानं पेटी बाद होते. तीनशे बायकांच्या खाजवण्यानं काय होतं, हे यंत्रात कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. त्या चरचर आवाजानं दातांत कळ येत होती. तारामतीनं स्वतःची पट्टी काढली आणि दारातच खाली बसून खाजवायला लागली. किळस येत होती, आणि त्या किळसेत काहीतरी खरंही होतं.

कोठुळे ओरडत होते, "लावा! परत लावा पट्ट्या! तारा, ऊठ!"

ती उठली. कोपर खाजवत त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या कोटाच्या बाहीतून मनगट दिसत होतं आणि मनगटावर तोच पिवळा पापुद्रा होता. त्यांचं अजून तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "पट्टी लावल्यापासून तुमच्या नातीचे तळहात कुणी उघडून बघितलेत का?"