डाव्या पायडलवरचा ठोकळा

२००३ साल. सव्वीस जानेवारीची आदली रात्र, शनिवार. कळंबच्या समुद्रकाठच्या सुरूच्या बनात तिघांनी तंबू ठोकला होता: जेसन, त्याची मैत्रीण प्रीतल आणि विघ्नेश. तिघंही सायकलवेडे. त्यातल्या जेसनने कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं. त्यामुळे बापाने त्याच्याशी बोलणं सोडलेलं, आणि गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी बोलायला सुरुवात केलेली. पहाटे तो इथूनच सायकलवर गोव्याला निघणार होता. बाकीचे दोघं घोडबंदरपर्यंत सोबत जाणार होते. तो परत येणार नव्हता, पण हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कॅरिअरला बांधलेलं बोचकं आणि ती सायकल, एवढंच त्याचं जगात होतं.

सायकल त्याने सोपाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचलली होती. वरचा रंग खरवडला तेव्हा खाली निघाली परदेशी बनावटीची, लांब पल्ल्याची, पोलादी फ्रेम. नळ्या बारीक आणि पातळ, सांध्यांत पितळ वितळवून पाजलेलं. त्याने तीन महिने रात्री जागून ती उभी केली. विघ्नेश नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा. त्याची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, वडिलांनी घेऊन दिलेली. पोलाद म्हणजे जुन्या लोकांचं ओझं, असं तो दिवसभर चिडवत होता. जेसनचं म्हणणं, पोलाद वाकेल पण दगा देणार नाही. कोकणात कुठल्याही खेड्यातला लोहार ते तापवून सरळ करून देईल. तुझी फ्रेम तुटली की तू रस्त्यात बसून पप्पांना फोन लाव.

मापाच्या बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं. सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची, पायडल तळाला असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. तसं माप जमलं की सीटच्या नळीवर कानशीने आपली रेघ मारून ठेवायची. कोणी सीट खालीवर केली तरी पुन्हा रेघेवर आणता येते. जेसनने आपली रेघ मारली तेव्हा त्याच नळीवर आणखी दोन जुन्या रेघा दिसल्या. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. जुन्या सायकलला आधीचे मालक असायचेच.

एक गोष्ट मात्र तिघांपैकी कोणीच काढत नव्हतं. येताना, वाघोलीच्या पुढे, दिवेलागणीला, रस्त्याच्या कडेला चार जण एका रिक्षावाल्याला मारत होते. सळईने. तो खाली पडलेला. या तिघांना बघून त्याने हात वर केला. प्रीतलने ब्रेक दाबला होता. जेसन म्हणाला, "चल ना. आपल्याला काय करायचंय?" आणि तिघंही पुढे आले होते.

जेवणं झाल्यावर फर्डिनंड अंकल लाकडं घेऊन आला. हा प्रीतलच्या बापाचा चुलतभाऊ. गिरीज गावातलं घर मुलांच्या ताब्यात गेल्यापासून इथे वाडी राखत होता. तंबूला जागा त्याचीच. म्हाताऱ्याला बोलायला माणूस लागायचं आणि उपदेश करायला तरुण माणूस लागायचं. आता तास-दोन तास गेले, हे जेसनने गृहीतच धरलं.

पण अंकलने उपदेश केला नाही. जाळाच्या उजेडात त्याची नजर सायकलवर गेली. तो उठला. पुढच्या चाकाच्या चिमट्यावरून अंगठा फिरवत खाली आला, डाव्या बाजूच्या एका पोचावर थांबला. सायकल कुठून घेतली, एवढंच विचारलं. मग जाळापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्या ओळखीच्या माणसाचं सांगतो. पटलं तर घ्या. नाही तर म्हातारा बरळला म्हणा."

गिरीजला एडवर्ड नावाचा एक माणूस होता. बोटीवर नोकरी केलेला. शेवटच्या फेरीत त्याने कुठल्याशा बंदरातून एक सायकल आणली. पोलादी. त्याचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. चालताना लोक हसायचे. म्हणून त्याने डाव्या पायडलवर सागाचा ठोकळा बसवला, चामड्याच्या पट्ट्याने आवळून. खाली एडवर्ड लंगडा, सायकलवर एडवर्ड राजा. दर सप्टेंबरला माऊंट मेरीच्या सणाला वांद्र्याला सायकलवर जायचा. त्याच्या घंटीचा आवाज अख्खं गिरीज ओळखायचं.

त्याची केळीची वाडी रस्त्याला लागून होती. ब्याण्णव साली काही लोकांना ती हवी झाली. एडवर्डने सही दिली नाही. एका रात्री चर्चमधल्या गाण्याच्या तालमीहून परत येताना त्याला नाल्यावरच्या मोरीवर गाठलं. जीप होती. आधी सायकलला धडक. चिमटा तिथेच वाकला. मग त्याच्याच सायकलच्या पंपाने त्याचा जबडा मोडला. एकाने चेन काढून मुठीला गुंडाळली आणि त्या मुठीने एडवर्डचं तोंड असं केलं की सकाळी बहिणीने त्याला पायावरून ओळखला. आखूड पायावरून.

"लगेच नाही मेला," अंकल म्हणाला. "ते निघून गेल्यावर सरपटत सायकलपाशी गेला. हाक मारायला तोंड नव्हतं राहिलं. म्हणून घंटी वाजवायला लागला."

खूप वेळ वाजत होती. मोरीच्या आजूबाजूला सात-आठ घरं. एकेका घरातला दिवा विझत गेला. एकेक खिडकी लागत गेली. मग जीप परत आली. एक जण उतरला. त्याने एडवर्डचा हात घंटीसकट दगडावर ठेवला आणि दुसरा दगड वरून घातला.

घंटी थांबली.

विघ्नेश इतका वेळ हसऱ्या तोंडाने ऐकत होता. आता तो प्रीतलच्या बाजूला सरकून बसला.

मोरीला सगळ्यात जवळचं घर एडवर्डच्या भाच्याचं, फ्रेडरिकचं. त्यानेही खिडकी लावली होती. मामाला पुरल्यावर सायकल त्याने आणली, सरळ करून घेतली आणि पडवीत टांगून ठेवली. वापरायची हिंमत झाली नाही. गावही काही बोललं नाही. गावाने काय तोंडाने बोलायचं?

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. चर्चचा उपवासकाळ लागायच्या आधीचा शनिवार, अमावस्येची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी फ्रेडरिकच्या बहिणीचं, क्लेमेंटीनचं लग्न. अंगणात मांडव, चुलीवर पिठाच्या गोल फुग्या तळणं चाललेलं. जेवणाला करंदी, ती बारीक कोलंबी, हवी होती. पाचूबंदरला होड्या भरतीबरोबर लागणार, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास. स्कूटर कोणीतरी घेऊन गेलेला. फ्रेडरिकने सायकल खाली काढली. मामाच्या रेघेवरची सीट त्याला बुटकी होत होती. ती वर केली, आपली रेघ मारली. घंटी चेपलेली होती, ती काढून फेकली. आणि डाव्या पायडलवरचा ठोकळा सोडवून फुग्यांच्या चुलीत घातला. चुलीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, अरे, तो कशाला जाळतोस? फ्रेडरिक म्हणाला, माझे दोन्ही पाय सारखे आहेत.

जाताना काही झालं नाही. पापडी गाव, पारनाका, किल्ल्याची भिंत. सायकल पाण्यासारखी चालत होती. बंदरावर सालोमी नावाची ओळखीची कोळीण होती. तिने करंदीची पाटी कॅरिअरला बांधून दिली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "लांबून घंटी वाजवीत आला तू. मला वाटला एडवर्डच आला."

फ्रेडरिकने हँडलकडे पाहिलं. घंटी नव्हतीच.

परत निघाला. किल्ल्याच्या भिंतीपाशी त्याचे गुडघे हँडलला लागायला लागले. उतरून बघतो तर सीट खाली बसलेली. नट घट्ट होता. त्याने सीट वर केली, पाना लावला, जोर लावून आवळली. पापडी आली. पुन्हा तेच. सीट थेट मामाच्या रेघेवर. केसाइतकीही वर नाही, खाली नाही.

यावेळी त्याने सीट तशीच राहू दिली. लवकर घर गाठायचं होतं.

गिरीजच्या वाड्या लागल्या. दोन्ही बाजूंना केळी. चांदणं नाही. त्याच्या डाव्या पायाखाली काहीतरी आलं. जाड. पायडलवर पाय बसेना. वाकून हात लावला. काहीच नव्हतं. पाय परत ठेवला.

होतं.

त्याने पाय मारायचे थांबवले. पायडल थांबली नाहीत. त्याचेच पाय ओढत फिरत राहिली. ब्रेक दाबला. तार तुटली. उडी मारायला गेला. डावा पाय सुटेना... पट्ट्याने आवळल्यासारखा.

समोर मोरी. मोरीच्या पलीकडे त्याचं घर. मांडवातला दिवा दिसत होता.

सायकल मोरीच्या कठड्यावर आदळली. तो पडला. पाटी उलटली, करंदी तोंडावर सांडली. मग चेन सुटल्याचा आवाज आला. मग ती कोणीतरी मुठीला गुंडाळत असल्याचा...

कोणी दिसत नव्हतं.

पहिला मार गालावर. दात तोंडातच सुटे झाले. दुसरा कानावर. मग पाय. डावा. एकाच ठिकाणी. पुन्हा. पुन्हा तिथेच. हाड बाहेर आलं तरी थांबलं नाही. फ्रेडरिक ओरडला. गळा फाटेपर्यंत ओरडला. घर तीस पावलांवर. मांडवात माणसं जागी होती. तो सरपटत सायकलपाशी गेला, हँडलवर हात चाचपला.

घंटी... त्यानेच फेकली होती.

अंकल थांबला. जाळात एक लाकूड फुटलं.

"मग?" विघ्नेश म्हणाला. "कोणीच ऐकलं नाही?"

"ऐकलं ना. सगळ्यांनी ऐकलं." अंकलने काटकी जाळात टाकली. "पण त्याचं ओरडणं कोणाला ऐकू नाही आलं. लोकांना घंटी ऐकू आली. मोरीवर, एडवर्डची. रात्रभर. मांडवातली माणसं घरात गेली. दिवा विझवला. खिडक्या लावल्या."

सकाळी बँडवाले आले, त्यांना तो सापडला. लग्न पुढे ढकललं. फ्रेडरिक वाचला. पाय जुळला, पण दीड इंच आखूड जुळला. डॉक्टर म्हणाले, होतं असं. चालायला लागल्यावर पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे सायकल भंगारात दिली. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

जेसनला थंडी वाजायला हवी होती. त्याला संताप आला. भुताचा नाही, गावकऱ्यांचा. म्हणजे दोनदा. दोन वेळा एक माणूस घरासमोर फोडला जात होता, आणि दोन्ही वेळा या लोकांनी कड्या लावल्या. रविवारी तेच हात जोडून चर्चमध्ये पहिल्या बाकावर. आणि हेच त्याला सांगणार, आयुष्य कसं जगायचं.

"अंकल," तो म्हणाला, "तुमचं गिरीजचं घर कुठंय?"

अंकल जाळाकडे बघत राहिला. प्रीतलने मान खाली घातली. घर तिला माहीत होतं. मोरीच्या समोरचं.

अंकल गुडघ्यावर हात टेकून उठला. "उद्या या सायकलवर नको जाऊस, पोरा," म्हणाला, आणि वाडीकडे निघून गेला.

"घाबरट," जेसन त्याच्या पाठीमागे म्हणाला. "सगळे साले घाबरट. मी असतो ना, दरवाजा उघडला असता."

प्रीतलने वर पाहिलं.

"वाघोलीला?" ती म्हणाली.

विघ्नेश उठून तंबूत गेला. मग तेही गेले. प्रीतलने झिप खालपर्यंत ओढली.

रात्री केव्हातरी जेसनला जाग आली. वारा पडला होता. समुद्र लांब गेला होता. बाहेर, अगदी जवळ...

एकदा.

थांबून, पुन्हा एकदा.

त्याने अंधारात मान वळवली. प्रीतलचे डोळे उघडे होते. विघ्नेशही जागा होता, त्याचा श्वास कळत होता. घंटी कोणाच्याच सायकलला नव्हती. ती वाजत राहिली. आधी जोरात, मग थकल्यासारखी. जेसनचा हात झिपेपर्यंत गेला. धातू बोटांना गार लागला.

तो हात तिथेच राहिला. पहाटेपर्यंत.

कोणी झिप उघडली नाही.

उजाडल्यावर तिघं बाहेर आले. वाळूवर रात्रीची त्यांचीच पावलं होती, दुसरी नव्हती. सायकल सुरूला टेकून तशीच उभी. सीट जेसनच्याच रेघेवर. बोचकं जागच्या जागी.

डाव्या पायडलवर सागाचा ठोकळा होता. जुन्या चामडी पट्ट्याने आवळलेला. एक कोपरा जळून काळा झालेला.

प्रीतल म्हणाली, हात लावू नकोस. जेसनने सायकल घेतली. सीटवर बसला. पायडल तळाला नेलं आणि डावी टाच ठोकळ्यावर ठेवली. मधे दीड इंच लाकूड, गुडघा वाकायला हवा होता.

गुडघा सरळ झाला. बरोबर मापात.