रेखाच्या खोलीत दही लागत नव्हतं

भात अजून आहे, लाजू नका. बर्फ थांबल्याशिवाय मी कोणालाही गाडी काढू देणार नाही, आणि तो काही सकाळपर्यंत थांबत नाही. प्रथमेश, ते ब्लँकेट घे. सावनी, हा डोक्यावरचा दिवा बंद कर, किचनमधला राहू दे. भुताची गोष्ट हवी होती ना? मग ऐका.

भुताच्या गोष्टी सांगणारे नेहमी 'माझ्या मित्राच्या मेहुण्याला' अनुभव आला म्हणून सांगतात. म्हणजे खोटं निघालं तर मेहुणा खोटा. मी तसं करणार नाही. रेखा माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, घर तिचं, आणि हात माझे.

"मावशी, भूत ट्रॉयमध्ये? मिशिगनमध्ये?" प्रथमेश हसला.

"का रे, भुतांना व्हिसा लागतो? हसू नकोस. तू मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोयस, मी मॅट्रिक. तुझ्या अपार्टमेंटचा हीटर कोणी चालू करून दिला?"

"तुम्ही, मावशी."

"मग गप ऐक."

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा चंद्रशेखर दिवसभर प्लांटवर असायचे आणि घरात काही बिघडलं की संध्याकाळपर्यंत थंडीत बसायचं. मला ते जमेना. लायब्ररीतून दुरुस्तीची पुस्तकं आणली, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, आणि हात काळे करून शिकले. आज आपल्या लोकांत कोणाचा नळ गळला, बॉयलर बसला, की आधी मला फोन येतो. त्याचा मला माज आहे. हा माजच पुढे नडला, म्हणून सांगते.

रेखाचं घर तिच्या नवऱ्याने, डॉक्टरांनी, बांधलेलं. डॉक्टर गेले, घर तिच्या नावावर राहिलं. मुलगा सत्यजित तिच्याबरोबर राहायचा. त्याला तिकडे पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला नोकरी मिळाली, त्याला घर विकून आईला घेऊन जायचं होतं. रेखा म्हणाली, मी इथून हलणार नाही. गॅरेजवरची खोली तिची. तिथेच पूजा, तिथेच पुस्तकं, आणि तिथेच भिंतीच्या कडेच्या हीटरवर रोज रात्री दह्याची वाटी. तिच्या हातचं दही उलटं केलं तरी पडायचं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "यामिनी, माझं दही लागत नाहीये गं."

मी म्हटलं, "विरजण जुनं झालं असेल. मी आणून देते."

माझ्या लग्नातल्या वाटीत विरजण घालून नेलं. वाटीवर नाव कोरलेलं, 'सौ. यामिनी, १९७९'. सत्यजितने दारातूनच घेतलं. "आई झोपलीय, मावशी."

चार दिवसांनी पुन्हा फोन. "तुझ्या विरजणानेही लागत नाही."

मी तिला दूध किती तापवावं ते शिकवलं. दहा मिनिटं शिकवलं! ती हं हं करत राहिली. पोटच्या पोराबद्दल बाहेर तक्रार करायची नाही, हे आपल्या बायकांच्या हाडात असतं. ती मला दुसरंच काही सांगत होती आणि मी तिला दुधाचं शास्त्र सांगत होते.

बावीस डिसेंबरला रेखा झोपेत गेली. हार्ट, म्हणाले.

प्रार्थनासभेला कुजबुज होती की खोली फार गार होती. सत्यजित माझ्याजवळ आला. डोळे लाल. "मावशी, त्याच रात्री आईच्या हीटरचा झोन व्हॉल्व्ह फेल झाला. तुम्हाला कळतं ना त्यातलं... तुम्हीच सांगा ना सगळ्यांना." आणि मी, न बघता, न उघडता, पन्नास माणसांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मोटरचे व्हॉल्व्ह असे अचानक जातात, कोणाचा दोष नाही.

माझ्या शब्दावर लोक गप्प झाले.

महिन्याने त्याचा रेडमंडहून फोन आला. घराचा सौदा झालाय, शुक्रवारी क्लोजिंगच्या सह्या आहेत, दोन व्हॉल्व्ह बदलायचे आहेत. "कंपनीवाले नकोत मावशी. तुम्हीच करा. तुमच्यावर जास्त ट्रस्ट आहे."

ट्रस्ट! मी फुगले.

एकवीस जानेवारी, मंगळवार. बाहेर दोन डिग्री, इथल्या मोजणीने. म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही तीस खाली. साडेपाचलाच अंधारून आलेलं. पावणेसहाला मी रेखाच्या किल्लीने दार उघडलं. घर रिकामं. सामान देऊन टाकलेलं, गालिचे धुतलेले. खालच्या-वरच्या सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली आणि तळघरात उतरले.

आता नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. तळघरात बॉयलर. तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून खोल्यांच्या कडेने फिरतं. घराचे तीन भाग, प्रत्येक भागाच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर मोटरची डबी. वर थर्मोस्टॅटवर आकडा वाढवला की वायरीतून निरोप खाली येतो, मोटर घुर्र करते, व्हॉल्व्ह उघडतो. निरोप आला नाही तर बंद. वर माणूस गोठून गेलं तरी बंद.

मी बॉयलरचं लाल बटन पाडलं. दिवाणखान्याचा व्हॉल्व्ह खरंच गेलेला होता, मोटर जळल्याचा वास येत होता. वीस मिनिटांत नवी डबी बसवली. मग रेखाच्या खोलीचा. टॉर्च तोंडात धरला, मागे हात घातला आणि...

वायरी जोडलेल्याच नव्हत्या.

तुटल्या नव्हत्या. सोडवल्या होत्या. दोन्ही टोकांना वेगवेगळी काळी टेप, नीट, घट्ट गुंडाळलेली. बिघाड कधी टेप गुंडाळत नाही.

त्यावर धूळ बसलेली. बरोबर आणलेल्या चार्जरने डबीला वीज देऊन पाहिली. मोटर फिरली, झकास. त्या व्हॉल्व्हला काहीही झालं नव्हतं.

मी पायरीवर बसले. त्याच रात्री बिघडला म्हणे. मग तीन आठवडे दही का लागत नव्हतं?

माझं दही लागत नाहीये गं...

आणि मला का बोलावलं तेही कळलं. कंपनीचा माणूस असता तर रिपोर्टमध्ये लिहिलं असतं. मावशी कुठे रिपोर्ट लिहितात? मावशी नवी डबी बसवतील, नव्या वायरी जोडतील, जुनं कचऱ्यात टाकतील. आधी माझ्या तोंडून झाकलं, आता माझ्या हातांनी पुसायचं होतं.

डबी फिरवून काढली. पाइपापासून वेगळी, वायरीपासून वेगळी, माझ्या डाव्या तळहातावर. उजव्या हाताने त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"हाय मावशी! झालं? जुना फेकून द्या हं."

"वायरी कोणी सोडल्या, सत्यजित?"

"कसल्या वायरी, मावशी?"

"टेप कोणी गुंडाळली?"

"मावशी... आय जस्ट... चार दिवस फक्त. ती ऐकतच नव्हती. थंडी वाजली की हो म्हणेल, असं..."

"आणि मग?"

"मग ती काही बोललीच नाही. एकदाही नाही. मला वाटलं, तिला चालतंय..."

तेव्हा डबी फिरली.

माझ्या हातात. घुर्र.

वायर नाही. वीज नाही. बॉयलर बंद. घुर्र... आणि कट्. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की होतो तो आवाज.

"मावशी? कसला आवाज?"

मी पाइपाला हात लावला.

गरम.

डोक्यावर... टक.

तांब्याचा पाइप तापला की फुगतो, टकटकतो. इथल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. मला माहीत आहे. तरी...

टक... टक... गॅरेजच्या बाजूला. रेखाच्या खोलीत.

"मावशी," तो म्हणाला. आवाज बारीक, लहान मुलाचा. "वर कोण आहे?"

फोन तिथेच ठेवला. वर गेले. जिना. पॅसेज. दार लोटलेलं. मघाशी मीच उघडं टाकलं होतं.

ढकललं.

खोली उबदार. डिसेंबरात असायला हवी होती तशी. दुधाचा वास. गालिच्यावर माझ्या मघाच्या पावलांखेरीज काही नाही.

आणि मघाच्या रिकाम्या हीटरवर वाटी.

वर ताटली झाकलेली. ताटली काढली. दही. घट्ट, कडेपर्यंत, एक सुरकुती नाही. वाटी उचलून टॉर्चचा उजेड पाडला.

सौ. यामिनी, १९७९.

कोणाची वाटी रिकामी परत करायची नाही. रेखाने ते कधी मोडलं नव्हतं.

"रेखा," म्हटलं, "मला कळलं नाही गं." पाइपाची टकटक थांबली. खोली गार पडू लागली.

नवी डबी मी बसवली नाही. जुनी, टेप लावलेल्या वायरींसकट, जशी होती तशी ठेवली, फोटो काढले, लिहून काढलं, चांगली दोन पानं, इंग्रजीत, आणि घर तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरला दिलं. पुढच्या रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटायच्या आधी उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी मी न तपासता साक्ष दिली, ती खोटी होती. आता तपासून देते. अर्ध्या बायका रडल्या. काही जणी म्हणाल्या, पोराचं आयुष्य का नासवता, गेलेली काय परत येणारेय? त्या मला आता बोलवत नाहीत. न बोलवू देत.

सत्यजितने ना भांडण केलं, ना फोन. ऐकलं की रेडमंडच्या नव्या घरात तो हीटिंग लावूच देत नाही. आवाज सहन होत नाही म्हणे.

सावनीचा चमचा ताटातच थांबला होता. "मावशी... त्या दह्याचं काय केलंत?"

"टाकणार होते? त्यातले दोन चमचे विरजण म्हणून लावले. त्याचंच विरजण पुढे लावत वर्ष झालं. तू आत्ता भातावर घेतलंस ना, तेच."

सावनीने ताट थोडं लांब सरकवलं. प्रथमेशचं हसू केव्हाच गेलं होतं.

वाटी मी त्याच दिवशी घासली. त्या खिडकीत ठेवलीय, काचेला लागून. बाहेरून बर्फ चिकटलाय काचेला, बघ. तिच्यात तेव्हापासून काही घातलेलं नाही. जा प्रथमेश, मेकॅनिकलवाल्या, हात लावून ये.

तो गेला. बोट लावलं. मग पूर्ण तळवा ठेवला, आणि काढेचना.

"मावशी," तो म्हणाला, "ही गरम आहे..."