बार्जवरची फ्रेंच

"म्हणजे ही बार्ज पणजीला थांबणारच नाही?" क्षमाचा आवाज चिरकला.

"भरलेली बार्ज मधी थांबत नाय, बाय. सरळ वास्कोला, बंदरात," सुकाणूवरून बाबलीमामा म्हणाले. "पण तुला उतरवू. कसं तरी उतरवू."

कसं तरी! शहाऐंशी सालचा डिसेंबर होता. राजभाषा कोणती, यावरून गोवा पेटला होता, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, डिचोलीहून एकही बस सुटत नव्हती. आणि नेमकी आजच, अकरा वाजता, पणजीत तिची फ्रेंचची तोंडी परीक्षा! शेवटी बाबांनी सकाळीच तिला आमोण्याच्या धक्क्यावर आणलं आणि शेजारच्या बाबलीमामांच्या हवाली केलं. मामा खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, बार्जवर, तांडेल म्हणजे कप्तान होते. निघताना बाबांनी बजावलं, "ही शेवटची संधी. पास झालीस तर पेडण्याच्या शाळेतली नोकरी कर. नाहीतर सांखळीच्या मंडळींना होकार कळवतो." सांखळीचा मुलगा काही वाईट नव्हता हो, पण लग्नानंतर शिकवणं बंद, हे त्याच्या आईने पहिल्याच चहाला सांगून टाकलं होतं.

तर ही आमची क्षमा तांबड्या धुळीने माखलेल्या पत्र्यावर वर्तमानपत्र टाकून बसली आणि वही उघडून पुटपुटायला लागली.

"ब्यूरो... म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड. ते टेबलावर अंथरायचे, म्हणून टेबल ब्यूरो. मग टेबलाची खोली ब्यूरो, मग अख्खी कचेरीच. इंग्रजीत ऑफिस..."

"बाप रे! घोंगडीची कचेरी झाली?"

क्षमा दचकली. इंजिनाच्या खोलीतून एक डोकं वर आलं होतं. गालावर तेलाचा फराटा, आणि डोळे असे हसरे की राग यायचा तो कुठेतरी अडकला.

"हा गौरेश," मामा ओरडले. "इंजिनावरचा दुसरा ड्रायव्हर. पेडण्याचा. त्याच्या नादाला लागू नको!"

"हसू नका," क्षमा म्हणाली. "परीक्षक शब्द देतात. त्याचा इंग्रजी अर्थ सांगायचा, शिवाय तो कुठून आला, तेव्हा लोक कसे राहायचे, तेही."

"मग मी होतो परीक्षक. आणा ती वही." त्याने हात पुसून पुसून वही घेतली. "हं... शोफर?"

"तापवणारा. पहिल्या मोटारी वाफेच्या. आधी पाणी तापवावं लागायचं. तापवणारा तो शोफर. पुढे इंग्रजीत मोटार चालवणाराच."

"म्हणजे आमच्यातलाच की! कूव्हर-फ?"

"विस्तव झाका. संध्याकाळी घंटा झाली की चुली झाकायच्या, लाकडी घरं पेटू नयेत म्हणून. त्यावरून इंग्रजीत कर्फ्यू." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "पणजीत लागला नसेल ना?"

"नाही हो. ग्रेव्ह?"

"ग्रेव्ह..." संपलं! डोक्यात नुसतं धुकं. "हा मला कधीच आठवत नाही..."

"नदीचा वाळूचा काठ," त्याने वाचून सांगितलं. "पॅरिसमध्ये काम नसलेले मजूर तिथे जमायचे. त्यावरून संपालाच ग्रेव्ह म्हणायला लागले. इंग्रजीत स्ट्राइक. एका शब्दासाठी एवढं काय घाबरता?"

मग क्षमाने सांखळीचं सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला! का सांगितलं, ते तिचं तिलाही कळेना. गौरेश वही परत देऊन खाली गेला... आणि थोड्याच वेळात इंजिन असं काही धडधडायला लागलं की मामा किंचाळले, "गौरेशा! फोडशील रे इंजिन!"

क्षमाचे कान गरम झाले.

त्याच पावसाळ्यात पडलेल्या, पणजीच्या मांडवी पुलाचे खांब दिसले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मामांनी वेग कमी केला, होडी पाण्यात सोडली. वल्हं गौरेशनेच घेतलं. "थोरला ड्रायव्हर सांभाळील इंजिन. बार्ज रिकामी होऊन परत येईस्तोवर मी काठावर थांबतो, मामा."

होडी हलत होती.

"क्षमा..." तो तिच्याकडे न बघताच बोलला. "नापास झालीस तरी सांखळीला हो म्हणू नकोस."

"मग कोणाला म्हणू?"

अगं बाई! हे तोंडातून गेलंच कसं? गौरेशचं वल्हं हवेतच फिरलं आणि दोघांच्या अंगावर पाणी उडालं. होडी काठाच्या पायऱ्यांना लागली, आणि क्षमा धावत सुटली.

धापा टाकत ती पोचली तर परीक्षा केंद्राच्या फाटकाला कुलूप. वर कागद चिकटवलेला. परीक्षा पुढे ढकलली आहे, तारीख नंतर कळवू. क्षमा तिथेच पायरीवर बसली आणि मुसमुसून रडली. तारीख येईल तेव्हा येईल, बाबा कुठे थांबणार होते?

नदीवर परतली तर गौरेश ताडकन उभा राहिला. "झाली एवढ्यात?"

तिने सगळं सांगितलं. "बाबा उद्याच निरोप धाडतील सांखळीला."

"मग आजच बोलायला हवं."

"कोण बोलणार?"

"मी. परीक्षा झाली नाही, एवढं तू सांग. पुढचं माझ्याकडे लागलं."

"मी शिकवणार हं. लग्न झालं तरी."

"शिकव की! पेडण्यात माझ्या आईलासुद्धा शिकव."

क्षमाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "बाबांना विचारशील रे. मला कुठे विचारलंस?"

गौरेशचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... तुझं... तू..."

सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. आता घटकाभर त्याचाही लागू दे, म्हणून ती पाण्याकडे बघत राहिली. समोरून एक बार्ज गेली, लाटा पायऱ्यांवर आपटल्या, गौरेशच्या कपाळावर घाम आला.

"हो," क्षमा म्हणाली. "माझं उत्तर हो आहे. बस आता, आणि तो घाम पूस."