टर्बो आणि उमरोळीचं फाटक

"पुन्हा निळा धूर! विश्राम, तू निवडलेला टर्बोच बोगस आहे!" गॅरेजचे मालक अण्णा गरजले.

डबा घेऊन आलेली विजया बोईसरच्या त्या गॅरेजच्या दारातच थबकली. विश्राम मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या धुरावर गरगरणारी पंखी. ती इंजिनात जादा हवा कोंबते आणि गाडी सुसाट पळते. अण्णांना आपल्या शर्यतीच्या गाडीला मोठाच टर्बो हवा होता, दिमाखासाठी! पण या इंजिनाला छोटाच बरा म्हणून बाबांनी छोटा निवडला होता.

"दोनदा दुरुस्त केलास. रविवारी शर्यत आहे. आता बिघडला तर सोमवारपासून येऊ नकोस!"

"अण्णा, पळवून आणल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवता ना?"

"गॅरेजात आल्यावर रोज ठेवतो! मला शिकवतोस?"

टर्बोच्या दांड्यावर जळून घट्ट झालेलं काळंकुट्ट तेल बाबा खरवडत बसले. विजयाला असा राग आला म्हणता!

तिने थेट उमरोळी गाठली. तिथे रेल्वे फाटकाजवळ तिचा मित्र जिवल्या आणि त्याची बहीण तानी राहायची.

"अण्णा रोज पालघरला जाऊन येतात. वाटेत थांबतात ते फक्त तुमच्या फाटकाशी. इथेच कोणीतरी काड्या करतंय!"

"साखरबाय!" जिवल्या कुजबुजला. "ताडगोळं विकाय गाडीला लय चिकटते ती."

दुपारी बाबांनी टर्बो साफ करून बसवला. संध्याकाळी तिघं करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसले. झूंऽऽ! अण्णांची गाडी भन्नाट आली. फाटक बंद! अण्णांनी करकचून ब्रेक दाबला आणि खटकन किल्ली फिरवली.

साखरबाई टोपली घेऊन पुढे सरकली. तिने बॉनेटवर हात टेकला.

"बघ, बघ!" जिवल्याने विजयाला ढोसलं.

"आई गं! तवा हाय का काय?" साखरबाईने चटकन हात झटकला.

विजया ताडकन उठली. "अरे, इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंपही बंद! टर्बो तर तापलेलाच. मग आत अडकलेलं तेल..."

"जळनार!" तानी ओरडली.

"म्हंजे काड्या करनारे अण्णाच हायत?" जिवल्याने कपाळावर हात मारला. बिचारी साखरबाई! उगीच संशय घेतला तिच्यावर.

"पण आपलं ऐकतील होय ते? आधी पुरावा हवा," विजया म्हणाली.

बाबांनी टर्बो साफ करून बसवला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाडी थांबते न थांबते तोच तानी धावली.

"अण्णा, बंद नका करू! आमाला इंजिनाचा आवाज आयकायचाय!"

अण्णांची कॉलर ताठ! फाटक उघडेपर्यंत इंजिन गुरगुरत राहिलं. असं सलग चार दिवस. एरवी दोन दिवसांत येणारा धूर आता नावालाही नव्हता.

"शेवटी नीट दुरुस्त केलास की!" शनिवारी गॅरेजात अण्णा बाबांना म्हणाले. जिवल्या आणि तानीही विजयासोबत आले होते.

"बाबांनी तिन्ही वेळा नीटच केला होता," विजया म्हणाली. तिने फाटकाची सगळी हकिगत सांगून टाकली.

अण्णांचा चेहरा पडला. फाटकाशी थांबणं त्यांनी कधी थांबण्यात धरलंच नव्हतं!

"विश्राम, टर्बो तू बरोबर निवडलास. खोड माझीच होती. चुकलो रे," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास! उद्या शर्यतीला तुम्ही माझ्या गाडीतून यायचं."

रविवारी उमरोळीचं फाटक नेमकं बंद! अण्णांचा हात सवयीने किल्लीकडे गेला.

"अण्णाऽऽऽ!" मागच्या सीटवरून तिघं एकदम किंचाळले.

अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. शेजारी बसलेले बाबा आठवड्यात पहिल्यांदाच खदखदून हसले.